सायाळ आणि तीन कलमांचे झाड

हिवाळ्यात जेथे देवदारांच्या माथ्यांवर हिम साचते, अशा एका डोंगरी अरण्यात, खडकाच्या कपारीत घर करून एक सायाळ राहत असे. तिच्या दारापुढे अंगण होते. पण अंगण म्हणजे खडकाचा एक सपाट कट्टा, आणि त्याच्या मधोमध दोन शिळांच्या बेचक्यात साठलेली थोडीशी माती. त्या मातीत एक रानसफरचंदाचे झाड उगवले होते. त्याची फळे बोराएवढी आणि तुरट असत. दुसरे झाड लावायला तेथे जागा नव्हती.

सायाळ स्वभावाने भित्री होती. भित्री म्हणजे पळपुटी नव्हे, मुलांनो. या दोन शब्दांत अंतर आहे. पळपुटा जीव संकट आले की निघून जातो. भित्रा जीव जागच्या जागी राहतो आणि संकट येण्यापूर्वीच त्याचा ताप भोगू लागतो. सायाळीच्या मनात भय दाटले की तिच्या पाठीवरचे काटे एकमेकांवर आपटून खुळखुळत, त्यामुळे तिला ते लपवताही येत नसे. पण एक विद्या तिला उत्तम येत होती, ती कलम बांधण्याची. आपल्या दातांनी ती फांदीला तिरपा, गुळगुळीत छेद देई. दुसऱ्या झाडाच्या काडीला तसाच छेद देऊन दोन्ही जखमा एकमेकींवर अशा बसवी की सालीला साल मिळावी. आणि वरून अंतरसालीचा दोरा गुंडाळून मेणाने लिंपून टाकी. काही काळाने दोन्ही लाकडे एकजीव होत.

एका हिवाळ्याच्या अखेरीस पलीकडच्या उतारावर हिमाचा कडा कोसळला. त्याच्याखाली एका खारीचे सफरचंदाचे झाड मुळासकट दरीत गेले. पिवळ्या, मधासारख्या वासाच्या सफरचंदांचे ते झाड होते, आणि त्या जातीचे दुसरे झाड त्या अरण्यात कोठेही नव्हते. ढिगाऱ्यातून खारीने एकच काडी शोधून काढली, ओल्या शेवाळात गुंडाळली आणि ती सायाळीच्या दारी आली.

"सायाळमावशी, एवढी एक काडी जगवाल का?" खार म्हणाली. "ही गेली तर आमचे पिवळे सफरचंद संपले."

"जगवीन," सायाळ म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि त्याच क्षणी तिला त्याचे ओझे जाणवले.

ही बातमी अरण्यात पसरली. दुसऱ्याच सकाळी एक ससा हिरव्या, आंबट सफरचंदाची काडी घेऊन आला. "झाड एकच आहे, तर त्याला आमचाही थोडा भार सोसू दे," तो म्हणाला. त्याच्या पाठोपाठ नुकतेच हिवाळी झोपेतून उठलेले अस्वल आले. त्याच्या एका हातात लाल सफरचंदाची जाडजूड काडी होती आणि दुसऱ्या हातात मेणाचा मोठा गोळा होता.

"सायाळबाई, मेण तिघांनाही पुरेल," अस्वल म्हणाले. "माझी काडी कोठे बांधणार?"

आता, मुलांनो, कलमाच्या विद्येत एक नियम आहे. झाडाचा रस नेहमी वरच्या दिशेने धाव घेतो. म्हणून जी जात अशक्त, तिला वरची जागा द्यावी. जी दांडगी, तिला खाली, बाजूला बसवावे. खारीची काडी करंगळीहून बारीक होती आणि अस्वलाची काडी पाहताक्षणी दांडगी दिसत होती. सायाळीला नियम तोंडपाठ होता. परंतु अस्वल तिच्यासमोर उभे होते आणि त्याची सावली तिच्या घराच्या दारापर्यंत पोहोचली होती.

"सर्वांत वर, अस्वलराव," ती म्हणाली. तिचे काटे खुळखुळले.

खारीची काडी तिने त्याखाली बांधली आणि सशाची बाजूला. तिन्ही कलमे जगली. कळ्या फुगल्या, पाने फुटली, आणि अरण्यातले प्राणी वाट वाकडी करून एका खोडावरची तीन प्रकारची पाने पाहायला येऊ लागले. सायाळीला मात्र त्या कौतुकात सुख लाभले नाही. पहिल्या उन्हाळ्यात अस्वलाची फांदी तिच्या डोक्यावरून वर गेली. सशाची फांदी बाजूला बेताने वाढली. खारीची फांदी मात्र टीचभरच लांबली. दुसऱ्या उन्हाळ्यात अस्वलाच्या फांदीची सावली खारीच्या फांदीवर दिवसभर पडू लागली. खारीच्या फांदीची पाने लहान झाली, नंतर फिकट झाली.

खार रोज सकाळी येई. ती अदबीने कट्ट्याच्या कडेलाच थांबत असे.

"बरी आहे ना?" ती विचारी.

"बरी आहे," सायाळ म्हणे.

"मग ठीक," असे म्हणून खार निघून जाई. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तिच्या तक्रार न करण्याचाच सायाळीला अधिक धाक वाटू लागला.

काहीतरी करणे आवश्यक होते. काय करायचे हेही स्पष्ट होते : अस्वलाची फांदी कापून आखूड करायची, म्हणजे रस आणि ऊन दोन्ही खारीच्या फांदीला मिळेल. परंतु हे काम मनात येताच सायाळीला अस्वलाचे पंजे आठवत, आणि तिचे मन दुसरे, सोपे काम शोधू लागे. ती ओढ्यावरून पाणी आणून खोडाशी घाली. देवदाराखालचा कुजका पाला उपसून मुळाशी पसरी. उन्हातान्हात तिच्या खेपा चालत. ती दमून जाई, आणि दमल्यामुळे आपण पुष्कळ केले असे तिला वाटे.

एकदा ससा हिरव्या पानांच्या सावलीत पाय पसरून तिच्या खेपा पाहत बसला होता.

"सायाळबाई, हे सगळे कोणासाठी?" त्याने विचारले.

"खारीच्या फांदीसाठी. फार अशक्त झाली आहे हो ती."

"अस्से. म्हणजे तुम्ही स्वयंपाक करता खारीसाठी आणि पान मांडता अस्वलापुढे."

"असे का म्हणता, ससोबा?"

"मी कुठे काही म्हणतो? मुळाशी घातलेले वर जाते, आणि वर कोण बसले आहे ते मला येथून दिसते. माझी मान अंमळ अवघडली आहे, तरीही दिसते."

 सशाने सांगितलेले तिला ठाऊक नव्हते असे नाही. त्या संध्याकाळी तिने पाण्याची आणखी एक खेप केली.

थंडी पडू लागली. अस्वल झोपायला जाण्यापूर्वी झाडाचा निरोप घ्यायला आले, आपल्या फांदीवरून त्याने पंजा फिरवला आणि समाधानाने हुंकार देऊन ते आपल्या गुहेकडे गेले. मग सायाळीच्या मनात एक विचार आला. अस्वल झोपले आहे. आता फांदी कापली, तर त्याला कळणार नाही. वसंतात ते उठेल तेव्हा छेद जुना झालेला असेल, आणि हिमाने फांदी मोडली असे सांगता येईल.

येथेही तिच्या विद्येत एक नियम होता, आणि तो तिला तिच्या आईने शिकवला होता : हिवाळ्यातला छेद फांदीला चेतवतो, उन्हाळ्यातला छेद तिला शांत करतो. पाने गळून झाड निजलेले असते तेव्हा सगळा रस मुळांत साठून राहिलेला असतो. अशा वेळी शेंडा कापला, की वसंतात तो रस उसळून एका शेंड्याच्या जागी अनेक शेंडे काढतो. दांडग्या फांदीला आवरायचे, तर ती पानांनी भरलेली असताना, भर उन्हाळ्यात कापावी लागते. पण भर उन्हाळ्यात अस्वल जागे असते. सायाळीने मनाशी म्हटले, नियमाला अपवाद असतातच. एका धुकट सकाळी ती झाडावर चढली आणि अस्वलाच्या फांदीचे शेंडे तिने कुरतडून टाकले. अस्वलाची गुहा तेथून कितीतरी दूर होती, तरी तिचे काटे सारा वेळ वाजत राहिले.

वसंत आला. कापलेल्या प्रत्येक शेंड्याखालून चार-चार, पाच-पाच धुमारे निघाले, आणि बघता बघता अस्वलाच्या फांदीची एक दाट छत्री झाली. उठून आलेले अस्वल ती पाहून हरखले.

"सायाळबाई, तुमच्या हाताला यश आहे," ते म्हणाले. "एका फांदीच्या दहा केल्यात. पुढच्या वर्षीही असेच काही करा."

सायाळीने मान खाली घातली. त्या छत्रीखाली, जेथे आता ऊन मुळीच येत नव्हते, खारीच्या फांदीचे टोक वाळले होते. खोडालगत तिला पानांचे दोन झुबके फुटले होते, तेवढेच. सायाळीने वाळलेल्या टोकाची साल दाताने हळूच खरवडून पाहिली. आत हिरवे नव्हते, तपकिरी होते. ती खाली सरकली आणि तिने पुन्हा खरवडले. तेथेही तपकिरी. आणखी खाली, अगदी झुबक्यांच्या वर, हिरवा कण दिसला, तेव्हा तिने श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी खार आली आणि कट्ट्याच्या कडेला थांबली.

"बरी आहे ना?" तिने विचारले.

सायाळीने तोंड उघडले. पण 'बरी आहे' हे शब्द काही केल्या बाहेर येईनात.

खारीने थोडा वेळ वाट पाहिली. "मग ठीक," ती हलक्या आवाजात म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती आली नाही.

खार येत होती तोवर सायाळीला तिचा धाक वाटत होता. ती येईनाशी झाल्यावर तिला कळले की तो धाक सोसण्यासारखा होता. हे सोसण्यासारखे नव्हते. उन्हाळा चढू लागला. अस्वलाच्या फांदीवर फुलांची फळे झाली, ती लिंबाएवढी झाली. छाटणीची खरी वेळ समोर येऊन उभी राहिली. अंगणातल्या झाडाकडे सायाळीला पाहवेना. मुळाशी पाणी घालण्यासाठी ती एकदा ओढ्याकडे निघाली, वाटेत थांबली आणि वळून सरळ अस्वलाच्या गुहेकडे चालू लागली. तिचे काटे एवढे खुळखुळत होते की ती पोहोचण्यापूर्वीच अस्वल बाहेर येऊन उभे होते.

"काय झाले, सायाळबाई? कोणी मागे लागले आहे का?"

"कोणी नाही. अस्वलराव, तुमची फांदी कापायची आहे."

अस्वलाने कान टवकारले. "किती?"

"निम्म्याहून अधिक. वरची सगळी छत्री."

"तिच्यावर फळे आहेत."

"हो. ती जातील."

"कोवळी आहेत अजून. खाण्याजोगीही नाहीत."

"हो."

अस्वलाच्या घशातून एक खोल गुरगुर निघाली. सायाळीला वाटले, आपले चारही पाय जमिनीत रुतले आहेत. तरी ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आले नसते. "खारीची फांदी मरते आहे. तुमची फांदी तिचा रस घेते आणि तिचे ऊन अडवते. यात तुमचा दोष नाही. वरची जागा मी तुम्हाला दिली, आणि ती देताना मला माहीत होते की ती खारीची आहे."

"माहीत होते, मग दिलीत कशी?"

"तुमची भीती वाटली."

गुरगुर थांबली. अस्वल बराच वेळ आपल्या पंजांकडे पाहत राहिले, जणू ते पंजे दुसऱ्या कोणाचे होते.

"मी एवढेच विचारले होते, की माझी काडी कोठे बांधणार," ते म्हणाले. "खाली म्हटले असते, तर खाली. मला काय, फळ खाली असले तर हात वर करावा लागत नाही." मग त्याचा आवाज चिडका झाला. "तीन उन्हाळे मी त्या झाडाखाली येतो. मला कोणी एक शब्द सांगितला नाही. ती खारसुद्धा नाही."

"खारीने मलाही काही सांगितले नाही."

"छान. झाड बोलत नाही, खार बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. मग मला कळणार कसे?" असे पुटपुटत अस्वल अंगणाच्या दिशेने चालू लागले. ते मदतीला येत आहे की भांडायला, हे सायाळीला त्याच्या पाठीवरून ओळखता येईना.

झाडापाशी येताच अस्वलाने दोन्ही हातांनी आपली फांदी पकडली. "कडाकड मोडून टाकतो, म्हणजे एकदाचा प्रश्न मिटला."

"मोडू नका," सायाळ म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता, कारण हे तिच्या विद्येचे क्षेत्र होते. "मोडली तर साल फाटत खाली येईल आणि खोड उभे चिरेल. तिन्ही कलमे जातील. मला कापू द्या."

ती वर चढली. छेद कोठे घ्यायचा ते तिने ठरवले आणि खालच्या अंगाने कुरतडायला सुरुवात केली. मग तिने वरच्या पानांच्या, फळांच्या त्या अवजड छत्रीकडे पाहिले आणि ती थबकली. फांदी आता तिच्या स्वतःच्या अंगाहून जड झाली होती. निम्मा छेद होताच ती आपल्याच भाराने कोसळली असती आणि जाताना खोडाची साल सोलून घेऊन गेली असती. सायाळ एकटी हे काम हिवाळ्यात करू शकली नसती, उन्हाळ्यात करू शकली नसती. कधीच करू शकली नसती.

"अस्वलराव," ती म्हणाली, "फांदी धरून ठेवाल का? तिचा भार खोडावर येता कामा नये."

अस्वलाने मागच्या पायांवर उभे राहून फांदीखाली खांदा दिला. सायाळ कापू लागली. काम सावकाश चालले. फांदी हलली की कोवळी फळे सुटून अस्वलाच्या डोक्यावर, पाठीवर पडत आणि खडकावरून घरंगळत जात. प्रत्येक फळाबरोबर त्याचे डोळे मिटत, पण त्याने खांदा हलवला नाही. शेवटचे तंतू तुटले तेव्हा त्याने ती फांदी, एखादे झोपलेले पिल्लू ठेवावे तशी, खाली ठेवली. खोडावर एवढासाही ओरखडा उठला नाही.

"या वर्षी मला लाल सफरचंदे नाहीत," अस्वल म्हणाले.

"नाहीत," सायाळ म्हणाली. "सशाची हिरवी आहेत, ती लवकर तयार होतात."

"आंबट आहेत ती."

"हो, आंबट आहेत."

ससा हे सर्व दुरून पाहत होता. "आंबट असली तरी मोजकी आहेत," तो म्हणाला. "अस्वलराव, दोन घ्या. तिसरे मागाल तर मला तुमची भीती वाटू लागेल."

अस्वल हसले की खोकले, हे नीट कळले नाही. पण त्याने दोन फळे घेतली आणि छेदावर लावायला मेण आणून दिले.

सायाळ खारीला बोलवायला गेली. खार आली, आणि या वेळी कट्ट्याच्या कडेला न थांबता झाडावर चढली. खारीच्या फांदीवर वर्षभरानंतर प्रथमच ऊन पडले होते आणि त्या उजेडात तिची दशा स्पष्ट दिसत होती. टोक वाळलेले, मधला भाग वाळलेला. खोडालगत दोन झुबके. सायाळीने मेलेला भाग कापून टाकला. जे उरले ते खारीच्या शेपटीएवढेही नव्हते.

"मला दिसत होते, मावशी," खार म्हणाली. "तुम्ही एवढ्या खेपा घालत होता. मी काही बोलले असते तर तुम्हाला लागले असते."

"लागले असते," सायाळ म्हणाली, "आणि ही फांदी वाचली असती."



तो हिवाळा सायाळीने काळजीत काढला. वसंतात सशाच्या फांदीला पाने आली, अस्वलाच्या आखूड फांदीला आली. खारीच्या फांदीवरच्या कळ्या मात्र कितीतरी दिवस मिटलेल्याच राहिल्या. मग एक कळी फुगली, उकलली, आणि तिच्यातून सरळ वर जाणारा एक हिरवा धुमारा निघाला. त्या वर्षी फूल आले नाही. पुढच्या वर्षीही आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आले. आणि पाने पिवळी पडायच्या सुमारास खारीने एक सफरचंद तोडले, त्याचे चार भाग केले आणि चौघांना दिले. अस्वलाचा भाग त्याच्या दातांनाही पुरला नाही. त्याने तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला, आणि हे फळ वर असायला हरकत नाही, असे मत दिले.

सायाळीची भीती मात्र गेली नाही, मुलांनो. ती जाते असे मी तुम्हाला सांगणार नाही. दर उन्हाळ्यात, फळे लिंबाएवढी झाली की ती अस्वलाच्या गुहेशी जाते, तिचे काटे दुरूनच ऐकू येतात, आणि ती म्हणते, "अस्वलराव, छाटणीची वेळ झाली." अस्वल दर वर्षी कुरकुरते आणि दर वर्षी येऊन खांदा देते.

तात्पर्य : भयापोटी टाळलेल्या एका आवश्यक कामाची भरपाई दुसऱ्या कितीही कष्टांनी होत नाही, आणि ज्याला सांगण्याची आपल्याला भीती वाटते, पुष्कळदा त्याच्याच आधाराशिवाय ते काम पार पडत नाही.